आईचं पाणी

अकोल्यात रिसेप्शनच्या स्टेजवर आम्ही फोटोसाठी उभे राहिलो आणि बरोबर आठ वाजता सहा फोन एकदम वाजले. दादाचा, वहिनीचा, माझा, माझ्या नवऱ्याचा, भाचीचा, आणि आईच्या बटव्यातला बटणांचा फोन. फोटोग्राफर कॅमेरा खाली घेऊन बघतच राहिला. वहिनीने खांद्यावरच्या पिशवीतून डबी काढली, दादाने नवरीशेजारी उभ्या उभ्याच गोळ्या तोंडात टाकल्या, वर अर्धी बाटली पाणी प्यायला, आणि मग आम्ही सगळे फोटोला हसलो. त्या फोटोत दादाच्या हातात बाटली तशीच आहे. नवरीच्या आईने नंतर विचारलं, तो फोटो अल्बममध्ये नको का ठेवायला? मी म्हटलं, तोच ठेवा.

दादाला किडनी बसवून तेव्हा सोळा महिने झाले होते. किडनी आईची.

यंदा पाडव्यापासून मृगापर्यंत आमचं घर घरात नव्हतंच. आधी गावची जत्रा, मग जेजुरी, मग अकोल्याचं लग्न, शेवटी वहिनीचं माहेर देवगड. मध्ये भाचीचे पोहण्याचे क्लास, भाच्याची क्रिकेटची शिबिरं, दोन बारशी आणि एक साखरपुडा. त्याआधीचे तीन उन्हाळे आम्ही कुठे हललो नव्हतो. दोन डायलिसिसमध्ये गेले आणि तिसरा ऑपरेशननंतरच्या बंदोबस्तात. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनच्या गोळ्या अंगाची प्रतिकारशक्तीच कमी करतात, म्हणून तेव्हा दादाच्या खोलीत चप्पल काढून, हात धुऊन, मास्क लावूनच जायचं आणि लांबूनच बोलायचं. म्हणून या वर्षी जिथून बोलावणं आलं तिथे आम्ही निघालो. कुणी नको म्हटलं नाही. बॅगा रिकाम्या करायला वेळच मिळत नव्हता, कपडे धुऊन दोरीवरून थेट परत बॅगेत.

या धावपळीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पण लिहायला बसले की प्रत्येक वेळी पाण्याशीच येऊन थांबते, तर पाण्याबद्दलच लिहिते.

डायलिसिसच्या अडीच वर्षांत दादाला दिवसाला पाऊण लिटर पाणी होतं. त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्यांवरचा घोट. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास मशीनवर. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन जितकं वाढेल तितकं पाणी मशीनने ओढून काढायचं, आणि जास्त ओढलं की पायात गोळे यायचे, बीपी खाली जायचं, माणूस पांढराफटक पडायचा. वहिनीने स्टीलच्या एका लोटीवर नेलपेंटने खूण केली होती. सकाळी ती लोटी भरायची आणि ती संपली की त्या दिवसाचं पाणी संपलं. उन्हाळ्यात दादा बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायचा. तो विरघळेपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. कधी चूळ भरायचा आणि ती थुंकताना आमच्याकडे बघायचा नाही. आम्ही त्याच्यासमोर पाणी पीत नसू. माठ आतल्या खोलीत नेला होता, पोरंसुद्धा आत जाऊन, दार लोटून पाणी प्यायची. नारळपाणी बंद, केळं बंद, आंबा बंद, कारण त्यांतलं पोटॅशियम बाहेर टाकायला किडनी लागते. पालेभाजी चिरून कोमट पाण्यात तास-दोन तास ठेवायची आणि ते पाणी ओतून द्यायचं.

घरातून कोण किडनी देणार याची तपासणी सुरू झाली तेव्हा मी पहिल्या फेरीत बाद झाले. दादा ओ पॉझिटिव्ह, मी वडिलांवर गेलेली, बी. वहिनी ए. राहिली आई, तिचाही ओ. वय त्रेसष्ट, साखर नाही, बीपी नाही, आयुष्यभर शेतात राबलेली. तिच्या तपासण्यांत एक होती चोवीस तासांच्या लघवीची. मोठा प्लॅस्टिकचा कॅन देतात, दिवस-रात्र सगळी लघवी त्यात साठवायची आणि दुसऱ्या दिवशी लॅबला द्यायची. आईचा कॅन पाऊणही भरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, मावशी, तुम्ही पाणी पिता की नाही? आई गप्प. पुन्हा विचारल्यावर म्हणाली, "पोराला एक लोटी आन् मी घटाघटा पिऊ व्हय?"

अडीच वर्षं ती त्याच्याइतकंच पाणी पीत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. ती शेतातल्या सवयीने आधीच कमी प्यायची, म्हणून आमच्या लक्षात आलं नाही, असं आम्ही स्वतःला सांगितलं.

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने आई-वडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको यांना जवळचे नातेवाईक मानलं आहे, २०११ च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. जवळचं नातं असलं तरी कागदपत्रं आणि मुलाखत चुकत नाही. तिचं चित्रीकरण होतं. आईला विचारलं, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का, पैसे देऊ केलेत का. आई म्हणाली, "मी आय हाय त्याची. मला कोन दाबनार?" समोरच्या मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

ऑपरेशनच्या रात्रीचं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते दादाच्या खाटेला टांगलेली लघवीची पिशवी. त्याची लघवी जवळजवळ थांबलेली होती, दिवसाला कपभरही होत नसे. आईची किडनी त्याच्या उजव्या कुशीत खाली बसवली (जुन्या दोन्ही काढत नाहीत, त्या तिथेच राहतात) आणि तिने ऑपरेशनच्या टेबलावरच काम सुरू केलं. सिस्टर तासातासाला पिशवी मोजून लिहीत होत्या. काचेबाहेर उभं राहून आम्ही त्या पिवळ्या पिशवीकडे दिव्याकडे बघावं तसं बघत होतो. वहिनीने तिचा फोटो काढला, तो अजून तिच्या फोनमध्ये आहे. सकाळी डॉक्टर दादाला म्हणाले, आता दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं, हेही औषधच समजा. दादाने पहिला पेला दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ ओठाला लावलाच नाही.

आई वरच्या मजल्यावर होती. चौथ्या दिवशी तिला घरी सोडलं. तिच्या पिशवीचा फोटो कुणी काढला नाही.

जत्रा आणि जेजुरीचं थोडक्यात सांगते. गावच्या जत्रेला दादा चार वर्षांनी गेला. पालखी दारात आली तेव्हा तो उंबऱ्याच्या आत मास्क लावून उभा होता आणि अर्ध्या गावाने दारातूनच त्याला हात केला. मटण चुलीवरून उतरल्या उतरल्या गरम वाढलेलं चालतं, कच्ची काकडी-कांदा नाही. भावकीतल्या बायकांना वहिनीने हे एकदा सांगितलं आणि त्यांनी त्याचं ताट शेवटपर्यंत सांभाळलं. जेजुरीला आईचा नवस होता. सोमवार, रविवार, अमावस्या टाळून आम्ही एका गुरुवारी पहाटे गड चढलो. भंडारा उधळतात तिथे दादाला जाऊ दिलं नाही. तो दीपमाळेशी थांबला आणि आईने त्याच्या वतीने खोबरं-भंडारा वाहिला. गड तो कुठेही न बसता चढला. आई दोनदा बसली. गुडघे, म्हणाली.

आता अकोला.

पुण्याहून आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर केली होती, चौदा माणसं. अहिल्यानगर, संभाजीनगर, जालना, चिखली, खामगाव. दहा-अकरा तासांचा रस्ता, मे महिना, पारा चव्वेचाळीसवर. दादाची तयारी चोख होती. गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांमध्ये, म्हणजे एक हरवली तरी दुसरी हाताशी. गाडी उन्हात उभी करताना त्या आत ठेवायच्या नाहीत, म्हणून औषधांचा डबा प्रत्येक थांब्यावर वहिनीच्या काखेत. बाटल्यांवर तास लिहिलेले. टॅक्रोलिमस, म्हणजे किडनी नाकारली जाऊ नये म्हणूनची गोळी, ठरलेल्या वेळी, उपाशीपोटी घ्यायची, म्हणून संध्याकाळी आठनंतर तासभर जेवण नाही, हे लग्नघरी आधीच कळवलेलं. आणि तीन लिटर पाणी म्हटल्यावर दादाला उतरावं लागणारच. नऊ वेळा उतरला. दर वेळी भाचा टाळ्या वाजवायचा. ड्रायव्हरला गंमत वाटली, मग कारण कळल्यावर तो स्वतःहूनच विचारू लागला, साहेब, थांबवू का?

साहेबांसाठी गाडी कुठेही थांबत होती. कुठे बाभळीचं झाड, कुठे भिंत, कुठे नुसती कड. गाडीत आम्ही सहा बायका होतो. आमच्यासाठी झाड चालत नाही. जालन्याच्या पुढे एका ढाब्यावर आई उतरली, मागे गेली आणि तशीच परत आली. दाराला कडी नव्हती आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. मी विचारलं, झालं का? तिने मान हलवली. ती हो होती की नाही, हे मी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर खामगावपर्यंत तिने घोटभर पाणी प्यायलं नाही. गाडीत बसायचं म्हणजे पाणी बेतानंच प्यायचं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. एसटीने प्रवास केलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही बाईला ते ठाऊक असतं. मीही त्या दिवशी फार पाणी प्याले नव्हते. वहिनीही नाही. आम्ही तिघी मिळून दादाला पाणी पाज, पाणी पाज करत होतो.

लग्न झालं, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने येऊन सांगितलं, आजी सारखी बाथरूमला जातेय आणि तिला दुखतंय. आई म्हणाली, "उन्हाळी लागलीया, धन्याचं पानी पिते, जाईल." दुपारी तिला थंडी वाजली. चव्वेचाळीस अंशांत थंडी. वहिनीने पुण्याला डॉक्टरांना फोन लावला, तिथल्याच एका लॅबमध्ये रक्त-लघवी दिली. लघवीत जंतू, आणि क्रिएटिनिन दीड. रक्तातला हा आकडा वाढला की किडनीचं काम मंदावलं असं समजायचं. जानेवारीत ते एक होतं.

आमच्या घरात क्रिएटिनिन हा शब्द माणसाच्या नावासारखा वापरतात. दर महिन्याला दादाच्या रिपोर्टनंतर सगळ्यांना फोन जातात, किती आलं, एक पॉइंट दोन, बरं झालं. आईचं जानेवारीत किती आलं होतं ते मला फाइल उघडून बघावं लागलं.

मग आणखी एक निघालं. लग्नात गुडघे दुखतात म्हटल्यावर कुणीतरी मायेने तिला वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या, दोन दिवसांत चार. एका किडनीवर जगणाऱ्या माणसाने त्या आपल्या मनाने घ्यायच्या नसतात. किडनीकडचा रक्तपुरवठा त्यांनी कमी होतो, आणि अंगात पाणी कमी असेल तर जास्तच. हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं आहे. दादाच्या कागदावरचं प्रत्येक वाक्य आम्हाला पाठ आहे. आईचा कागद तिच्या पिशवीत चार घड्या होऊन, साडीच्या पावतीखाली सापडला.

डॉक्टर फोनवर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, एक किडनी दिल्यावर उरलेली हळूहळू मोठी होते आणि जास्तीचं काम उचलते, म्हणून देणारा माणूस चांगला जगतो, पण त्या एकीला जपावं लागतं. पाणी, बीपी, वर्षातून एकदा रक्त-लघवी, आणि न विचारता गोळी नाही. पाच दिवस अँटिबायोटिक, भरपूर पाणी. आठ दिवसांनी एक पॉइंट एक आलं. मी हा आकडा आता माझ्या फोनमध्ये दादाच्या आकड्याखाली लिहिते.

त्या आठ दिवसांत एका रात्री दादा माझ्याशी बराच वेळ बोलत बसला. हॉस्पिटलमध्ये असताना त्याने खूप वाचलं होतं. म्हणाला, जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये झालं, जुळ्या भावांमध्ये. शरीर हुबेहूब सारखं, म्हणून औषधांशिवाय निभावलं. डॉक्टर जोसेफ मरे यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. ज्याला किडनी मिळाली तो रिचर्ड हेरिक, हॉस्पिटलमधल्या नर्सशी त्याने लग्न केलं, आठ वर्षं जगला. आणि दिली कुणी? रोनाल्डने. तो पुढे २०१० पर्यंत होता, एकोणऐंशी वर्षांचा होऊन गेला. "मी हे सगळं वाचलं," दादा म्हणाला, "आणि रोनाल्डचं वय वाचून मला इतकं बरं वाटलं होतं. आई जगेल म्हणून. आणि मग मी ते विसरलो गं." तो रडत होता. मीही त्याला गप्प केलं नाही.

आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे. आया, बायका, बहिणी. ओपीडीच्या बाकावर बसलं की हे आकडे न बघताही दिसतं. बाकावरचे बहुतेक पुरुष घेणारे आणि त्यांच्या शेजारी पिशवी सांभाळत बसलेल्या बाईच्या कुशीत टाके. मला त्याचा राग येतो. आईला त्यात रागावण्यासारखं काही वाटत नाही, आणि तिच्या देण्याला मी माझ्या रागाने लहान करू इच्छित नाही. पण दिलेल्या माणसाला प्रवासात कडी असलेलं दार मिळू नये, हे मला सहन होत नाही.

देवगडचं जाणं रद्द करायचं ठरत होतं. आईच म्हणाली, "मला काय धाड भरलीया? आंबं खाऊ दे त्याला." मग वहिनीने दोन दिवस बसून एक वही केली. पुणे, कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, नांदगाव तिठा, देवगड. त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या बाईला फोन करून तिने विचारलं, तू कुठे थांबतेस? वहीत लिहिलं, कराडच्या अलीकडचा पंप, स्वच्छ, कडी आहे. कोल्हापुरात मावशींकडे. राधानगरीत एका शिक्षिकेच्या घरी, सांगून ठेवलंय. आपल्याकडे बायकांचा रस्ता असा एकमेकींना विचारूनच बनतो, हे मला त्या वहीने दाखवलं. नियम एकच केला, प्रत्येक थांब्याला सगळ्यांनी उतरायचं आणि चढताना सगळ्यांनी पेलाभर पाणी प्यायचं. आई कुरकुरत उतरायची. "सारखं काय चढाउतार लावलाय," म्हणायची. पण उतरायची.

देवगडला पहिल्या संध्याकाळी वहिनीच्या वडिलांनी पेटीतून एक हापूस काढला, देठाकडचा चीक पुसून, धुऊन, कापून दादासमोर ठेवला. चार वर्षांनी. पोटॅशियम ठीक होतं, साखर थोडी वर होती, कारण गोळ्यांमधलं स्टिरॉइड. डॉक्टरांनी अर्धा सांगितला होता. दादाने अर्धा खाल्ला आणि कोय मागितली. कोयीचं काय ठरलं नव्हतं. वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे, आणि आईने ती त्याच्या हातात दिली. त्याने ती पांढरी पडेपर्यंत चोखली. रस कोपरापर्यंत आला होता.

परसात पपनसाचं झाड आहे, त्याच्या खाली तो बसला तरी वहिनीचा जीव वरखाली व्हायचा, कारण ग्रेपफ्रूटसारखंच पपनसही टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. बागेत आळी करायला त्याला हातमोजे आणि मास्क लावूनच बसू दिलं, मातीतली बुरशी त्याला चालत नाही. पण हेच औषध मातीतून आलेलं आहे. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं आणि त्याच्या इंग्रजी नावातही त्सुकुबाचं पहिलं अक्षर आहे. हे दादाने सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हातातल्या जांभ्याच्या मातीकडे बघत राहिले. कुणकेश्वरला पोरं समुद्रात शिरली, दादा घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला, आणि आई त्याच्यापासून दोन हातांवर, लुगडं वर खोचून.

परतताना फोंडा घाट चढताना पाऊस लागला. मृगाला दोन दिवस होते, पण लागला. दाजीपूरच्या अलीकडे, वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं अशा जागी, आई मागच्या सीटवरून म्हणाली, "थांबव रं गाडी."

ड्रायव्हर म्हणाला, मावशी, इथे काही नाही, पुढे वीस मिनिटांवर आहे. "घर हाय की त्ये," आई म्हणाली.

रस्त्याकडेला एक कौलारू घर होतं, पडवीत एक बाई फणसाच्या आठळ्या निवडत बसली होती. आई पदर डोक्यावर घेऊन पावसातून गेली. दोघी काहीतरी बोलल्या, ती बाई उठली आणि तिला घराच्या मागे घेऊन गेली. आम्ही गाडीत थांबलो. दादाने काच खाली केली होती, त्याचा हात भिजत होता, तरी त्याने ती वर केली नाही.

आई परत पडवीत आली तेव्हा त्या बाईने तिला तांब्या दिला. आईने तो वर धरला, तोंड न लावता, आणि थांबली नाही. गळ्याशी पाणी ओघळलं, चोळी भिजली. संपल्यावर तिने तांब्या उपडा करून बघितला आणि त्या बाईपुढे पुन्हा धरला.